कात्रण की रद्दी? इंटरनेटवर सापडलेल्या चांगल्या गोष्टी लोकांना पाठवायच्या कशा

आमच्या लालबागच्या खोलीत कपाटावर एक पत्र्याची ट्रंक होती. तिच्यात वडिलांची कात्रणं. प्रत्येकाच्या कडेला बॉलपेनने पेपरचं नाव आणि तारीख, कधीकधी एखादा शेरा: ‘ऑफिसात दाखवणे’, ‘हे खरं वाटत नाही’. ज्यावर तारीख नव्हती ती कात्रणं एका दिवाळीच्या साफसफाईत आईने सरळ रद्दीवाल्याला दिली आणि वडिलांनी हूं की चूं केलं नाही.

मी दर शनिवारी सकाळी साठेक जणांना इंटरनेटवर सापडलेल्या चार-पाच गोष्टी पाठवतो. एखादा फॉन्ट, नकाशा, कोणीतरी रात्र जागून केलेली विचित्र वेबसाइट, जुन्या यंत्राची माहिती. घेणाऱ्यांत ऑफिसातली पोरं आहेत, मामेबहिणी आहेत, शाळेतले मित्र आहेत आणि बेस्टमधून निवृत्त झालेले एक काका आहेत. पहिली दोन वर्षं मी रद्दीच पाठवत होतो. दिसलं की ढकललं. लोक अंगठा दाखवायचे आणि कोणी उघडायचं नाही. मग वडिलांची पद्धत लावली. ‘तू हे करतोस कसं’ असं आता तीन-चार जणांनी विचारलंय, म्हणून एकदाच सगळं सविस्तर लिहितो.

शोधायचं कुठे

पहिली अडचण अशी की जे आपल्यासमोर आपोआप येतं, ते इतरांसमोरही आलेलं असतं. रील्समध्ये दिसलेली भारी गोष्ट शनिवारपर्यंत शिळी होते. म्हणून आपले झरे आपणच शोधायचे, आणि त्यासाठी ‘आरएसएस’ (संघ नव्हे, वेबसाइटची सोय) सारखं साधन नाही. १९९९ मध्ये नेटस्केप या ब्राउझर कंपनीने आणलेली ही सोय अजून ठणठणीत आहे. एखाद्या साइटवर नवीन काही आलं की ते तुमच्या फीड रीडरमध्ये, म्हणजे अशी भर गोळा करणाऱ्या ॲपमध्ये, येऊन पडतं. मधे कोणी अल्गोरिदम तुमच्या वतीने निवडत नाही. फीडली आणि इनोरीडर ब्राउझरमध्ये चालतात. ॲपलचा फोन असेल तर नेटन्यूजवायर फुकट आहे आणि मला तेच सगळ्यात आवडतं.

साइटवर आरएसएसचं नारिंगी चिन्ह दिसलं नाही तरी निराश होऊ नका. साइटचा पत्ता तसाच रीडरमध्ये टाकून बघा, बहुतेकदा तो स्वतःच फीड शोधतो. साइट वर्डप्रेसवर असेल तर पत्त्याच्या शेवटी तिरकी रेघ देऊन ‘फीड’ हा शब्द इंग्रजीत टाकला की काम होतं.

सुरुवातीला वीस झरे पुरेत. दोन महिन्यांत ज्याच्यातून एकही गोष्ट उचलली नाही, तो काढून टाकायचा. मी एकदा उत्साहात दीडशे जोडले होते. रोज चारशे न वाचलेल्या गोष्टी बघून पोटात गोळा यायचा.

दुसरी जागा म्हणजे संग्रह. इथे गर्दी नसते. मुंबईच्या एशियाटिक सोसायटीने ‘ग्रंथ संजीवनी’ नावाने जुनी पुस्तकं, वर्तमानपत्रं, नकाशे ऑनलाइन ठेवलेत. डेव्हिड रमसी यांच्या नकाशासंग्रहात जुन्या मुंबईचे नकाशे इतके स्पष्ट आहेत की बोटाने मोठं करत करत गल्लीपर्यंत जाता येतं. इंटरनेट अर्काइव्हवर १९९६ पासूनची वेबपानं साठवलेली आहेत. एखाद्या रविवारी दुपारी जेवण झाल्यावर इथे तासभर भटकलं की महिन्याची बेगमी होते.

धागा ओढत जाणं

सापडलेली गोष्ट तशीच उचलायची नाही. ती कोणी केली आणि तिच्यामागे काय आहे, हे बघायचं. माझ्या मते या सगळ्या उद्योगातली खरी मजा इथेच आहे, म्हणून एक उदाहरण जरा सावकाश सांगतो.

ऑफिसात एकदा एका आमंत्रणपत्रिकेचं प्रूफ आलं. मामेबहिणीच्या मुलाने बनवलेलं, दिसायला झकास. पण ‘शुभ लग्न’ वाचताना डोळ्यांत काहीतरी खुपत होतं. ल ला पाकळ्या नव्हत्या. श सुद्धा आपल्या शाळेत गिरवलेला नव्हता, हिंदी वळणाचा होता. पोरगा म्हणाला, ‘मामा, फॉन्टच तसा आहे, मी काय करू?’

मीही तेच समजत होतो. शोधायला बसलो तर कळलं की राज्य शासनाने २००९ मध्ये वर्णमालेचा निर्णय काढला, त्यात पाकळीयुक्त ल आणि देठयुक्त श हेच मराठीसाठी धरलेत. आणि अनेक चांगल्या देवनागरी फॉन्टांच्या पोटात ही दोन्ही वळणं असतात! वेबपानाच्या कोडमध्ये भाषा म्हणून मराठीची खूण, ‘एम’ आणि ‘आर’ ही दोन इंग्रजी अक्षरं, घातली की असा फॉन्ट स्वतःहून मराठी ल आणि श काढतो. खूण नसेल तर दुसरं वळण येतं. म्हणजे दोष फॉन्टचा नव्हताच, पान मराठी आहे हे त्याला कोणी सांगितलंच नव्हतं.

हा एक धागा. तो ओढला तर ‘मंगल’ हाती लागला, मायक्रोसॉफ्टचा तो देवनागरी फॉन्ट, ज्यात आपण सगळ्यांनी कधी ना कधी अर्ज टाइप केलेत. तो र. कृ. जोशी यांनी घडवला, आणि ते आपल्या मुंबईतलेच अक्षरमहर्षी. पुढे ओढला तर ‘एक टाइप’ ही मुंबईचीच फॉन्ट बनवणारी मंडळी सापडली. त्यांचे ‘मुक्ता’ आणि ‘बलू’ तुम्ही पाहिलेत, नावं माहीत नसतील. त्यांचा ‘अनेक’ तर रोमन धरून दहा लिप्यांत आहे. हे फॉन्ट खुल्या परवान्याखाली आहेत, कोणीही फुकट वापरावेत. अजून ओढलं तर युनिकोड, म्हणजे संगणकावर प्रत्येक अक्षराला ठरलेला क्रमांक देणारी पद्धत: आपला ॲ, ‘ॲप’मधला, युनिकोडमध्ये स्वतंत्र अक्षर म्हणून आला तो २००८ मध्ये. त्याआधीच्या मजकुरात अ वर चंद्र देताना लोक काय काय कसरती करायचे, ते जुन्या पानांवर अजून दिसतं.

एका लग्नपत्रिकेतून चार शनिवार निघाले. पत्रिका मात्र तशीच छापली गेली, मुहूर्त थांबत नाही.

पकडून ठेवायचं

काहीही सापडलं की तिथल्या तिथे नोंदवायचं. ‘नंतर बघू’ म्हणून उघडे ठेवलेले टॅब म्हणजे वळचणीला ठेवलेली छत्री, हवी तेव्हा नसते. माझी एक साधी स्प्रेडशीट आहे. पाच रकाने: तारीख, पत्ता, कोणी केलं, मला कोणाकडून कळलं, आणि मी का थांबलो. शेवटचा रकाना सर्वांत महत्त्वाचा. तो भरताना काही सुचत नसेल तर ती गोष्ट सोडून द्यायची, ती नुसतीच चकचकीत आहे.

खास ॲप वापरायचं तर रेनड्रॉप चांगलं आहे. पण कुठलंही वापरलंत तरी दर दोन-तीन महिन्यांनी सगळी यादी साध्या फाइलमध्ये उतरवून आपल्याकडे ठेवा. गूगल रीडर हा फीड रीडर १ जुलै २०१३ ला बंद झाला, लेख नंतर वाचायला साठवणारं पॉकेट जुलै २०२५ मध्ये. दोन्ही वेळा लाखो लोकांनी वर्षानुवर्षं त्यात माल साठवला होता. कंपनी मोठी आहे म्हणजे ट्रंक टिकेल, असं नाही.

मग गोष्ट मुरू द्यायची. रविवारी सापडलेली गुरुवारी पुन्हा उघडायची. तेव्हाही सांगावीशी वाटली तर ठेवायची. आठवड्याला पंचवीस-तीस नोंदी होतात, त्यातल्या चार उरतात. हे प्रमाण बघून वाईट वाटून घेऊ नका, ते तसंच असायला हवं.

खरं आहे का ते बघणं

माझी फजिती इथे झाली. तीन वर्षांपूर्वी मी एक जुना फोटो पाठवला: रस्त्यावर ट्राम, छत्र्या घेतलेले लोक, खाली लिहिलेलं ‘मुंबई, १९३०’. वर मी माझ्या पदरची माहिती जोडली होती, की मुंबईत घोड्यांची ट्राम १८७४ मध्ये आली, विजेवरची १९०७ मध्ये, आणि शेवटची ३१ मार्च १९६४ ला धावली. माहिती बरोबर होती. नऊ वाजता बेस्टवाल्या काकांचा फोन.

‘काय रे, ट्राममागचं दुकान बघितलंस का?’

‘नाही काका, का?’

‘पाटी वाच.’

मोठं करून पाहिलं. पाटी बंगालीत. फोटो कोलकात्याचा. काका लहानपणी वडिलांचं बोट धरून ट्राममध्ये बसलेले. बेस्टच्या नावातला ‘टी’ आधी ट्रामवेजचा होता, हे ते येताजाता ऐकवतात. त्या दिवशीही ऐकवलं.

तेव्हापासून कुठलाही फोटो या चाळणीतून जातो. आधी मोठं करून पाट्या, गाड्यांचे नंबर, कपडे, सावल्या बघायच्या. मग गूगल लेन्समध्ये टाकायचा. त्यानंतर टिनआय या चित्र शोधणाऱ्या साइटमध्ये टाकून ‘सर्वांत जुना आधी’ असा क्रम लावायचा. एखादा फोटो ‘कालच्या पावसाचा’ म्हणून आला आणि टिनआयला तो पाच वर्षांपूर्वी दिसला असेल, तर विषय संपला. एआयने काढलेल्या चित्रांत देवनागरी पाट्या अजूनही पुष्कळदा गडबडतात. मात्रा हवेत, अर्धी अक्षरं अगम्य. पण पाटी नीट आहे म्हणून चित्र खरं, असं मात्र धरू नका.

माहितीचंही तेच. ‘अमक्याने लावलेला शोध’ छापाचं काही आलं की मूळ घोषणा शोधायची. रुपयाच्या चिन्हाचंच बघा. दरवर्षी त्याच्याबद्दल नवीन दंतकथा फिरते. ते डी. उदय कुमार यांनी केलं, ते तेव्हा पवईच्या आयआयटीत आयडीसी या डिझाइन विभागात संशोधन करत होते, आणि सरकारने ते १५ जुलै २०१० ला स्वीकारलं. एवढं सरळ असताना लोकांना तिखटमीठ का लावावंसं वाटतं, कळत नाही.

मूळ पत्ता, स्वच्छ पत्ता

स्क्रीनशॉट पाठवू नका. कोणाच्या तरी पानावरून उचललेला, वर दुसऱ्याच कोणाचा शिक्का मारलेला व्हिडिओही नको. मूळ पानापर्यंत जायचं आणि तोच पत्ता द्यायचा. करणाऱ्याचं नाव लिहायचं. नाव सापडत नसेल तर ‘कोणी केलं ते मिळालं नाही’ असं स्पष्ट लिहायचं. आमच्या ऑफिसातल्या एका मुलीने केलेलं पोस्टर नाव कापून शहरभर फिरलं, शेवटी तिच्याच मोबाइलवर ‘सुंदर कल्पना, पुढे पाठवा’ म्हणून आलं. तिचा चेहरा मी पाहिलाय.

परवान्याचं थोडक्यात: दुवा द्यायला कोणाची परवानगी लागत नाही. चित्र किंवा मजकूर उचलून आपल्याकडे चिकटवायचा असेल तर लागते, किंवा त्यावर क्रिएटिव्ह कॉमन्ससारखा परवाना असावा लागतो. त्यातही बहुतेक परवान्यांत नाव देणं बंधनकारक असतं.

आता पत्त्याची साफसफाई. कॉपी केलेल्या पत्त्यात पुष्कळदा प्रश्नचिन्हापुढे लांबलचक शेपूट असतं. त्यात ‘यूटीएम’ने सुरू होणारे तुकडे किंवा ‘एफबीसीएलआयडी’ दिसलं तर ते पाळतीचे धागेदोरे आहेत, कोण कुठून आलं हे मोजणारे. ते बेलाशक उडवा. पण प्रश्नचिन्ह दिसलं की कापलं, असं करू नका. यूट्यूबच्या पत्त्यात ‘व्ही’ आणि बरोबरच्या चिन्हानंतरची अक्षरं म्हणजे खुद्द व्हिडिओची ओळख, ती गेली तर काहीच उरत नाही. तिथे ‘एसआय’वाला तुकडा काढायचा. कापून झालं की ब्राउझरच्या खासगी खिडकीत पत्ता उघडून बघायचा. त्यात आपण कुठेही लॉगिन नसतो, त्यामुळे समोरच्याला पैसे किंवा नावनोंदणी मागणारी भिंत दिसणार असेल तर आपल्यालाही दिसते.

पत्ता लहान करून देणाऱ्या सेवा वापरू नका. एक म्हणजे समोरच्याला आपण कुठे चाललोय ते कळत नाही, आणि आजकाल अनोळखी दुव्यावर बोट ठेवायला माणसं घाबरतात ते बरोबरच आहे. दुसरं, ती सेवा बंद पडली की मूळ पान जिवंत असूनही आपला दुवा मेला.

पानं तशीही मरतात. अमेरिकेतल्या प्यू रिसर्च सेंटरने २०२४ मध्ये पाहणी प्रसिद्ध केली, तिच्यानुसार २०१३ साली असलेल्या वेबपानांपैकी ३८ टक्के दहा वर्षांनी उघडत नव्हती. म्हणून पाठवण्याआधी ते पान इंटरनेट अर्काइव्हच्या वेबॅक मशीनमध्ये जमा करायचं. तिथे ‘सेव्ह पेज नाऊ’ अशी पेटी आहे, पत्ता टाकायचा, मिनिटभर थांबायचं. तयार झालेला पत्ता आपल्या स्प्रेडशीटमध्ये. फुकट आहे, खातंही लागत नाही.

तीन ओळी लिहायच्या

नुसता दुवा म्हणजे न सांगता हातात दिलेली पिशवी. आत काय आहे, का बघावं, आणि उघडल्यावर नेमकं काय करायचं, एवढं तरी सांगायला हवं. वाऱ्याचा हलता नकाशा दाखवणारी ‘अर्थ नलस्कूल’ ही साइट मी दोनदा पाठवली. पहिल्या वेळी लिहिलं होतं: ‘जबरदस्त साइट! नक्की बघा!!’ तिघांनी उघडली असेल. दोन वर्षांनी, जूनच्या पहिल्या आठवड्यात, हे लिहिलं:

‘पाऊस कुठून येतो ते बघा. साइट उघडली की पृथ्वीचा गोल दिसेल, तो बोटाने फिरवून सोमालियाच्या किनाऱ्यावर आणा. विषुववृत्त ओलांडून उजवीकडे वळलेले वारे तिथून अरबी समुद्र कापत आपल्याकडे येताना दिसतील. कॅमेरॉन बेकारिओ यांनी २०१३ मध्ये केलेली साइट. हे उपग्रहाचं चित्र नव्हे, हवामानाच्या संगणकीय अंदाजावरून काढलेलं आहे. फुकट, नोंदणी नाही. जुन्या फोनवर अडखळते.’

त्या शनिवारी दिवसभर उत्तरं येत होती. मामेबहिणीने तर आमच्या आत्यालाही दाखवलं, आणि आत्याने विचारलं की यात पापड वाळत घालायचा दिवस कळतो का.

या मजकुरात काय केलंय बघा. सुरुवात वाचणाऱ्याच्या खिडकीबाहेरच्या पावसापासून आहे. बोट कुठे न्यायचं ते सांगितलंय, कारण कोऱ्या गोलाकडे बघून माणूस पाच सेकंदांत परत फिरतो. ‘उपग्रहाचं चित्र नव्हे’ हे लिहिलं नसतं तर त्याच संध्याकाळी ते ‘लाइव्ह सॅटेलाइट’ म्हणून फिरलं असतं. आणि खोट आधीच कबूल केलीय. इंग्रजीत आहे, पैसे लागतात, उघडताच आवाज येतो, डेटा खातं, असं जे असेल ते लिहायचं. तुमचा वाचक सकाळच्या गाडीत चौथ्या सीटवर अर्धा टेकलेला असतो, त्याच्या फोनमधून अचानक ढोलताशा वाजला तर तो तुमचा पुढचा दुवा उघडणार नाही. मी तर प्रत्येक पान मुलुंड ते दादर गाडीतच उघडून बघतो. त्या गर्दीत आणि त्या नेटवर जे उघडतं ते कुठेही उघडतं.

विशेषणं कमी. ‘अफलातून’ वर्षातून दोनदा वापरायचं.

पाठवणं

मी व्हॉट्सॲपची ब्रॉडकास्ट यादी वापरतो. एका यादीत २५६ जण मावतात, एकमेकांचे नंबर कोणाला दिसत नाहीत आणि उत्तर फक्त आपल्याला येतं. एक खुबी लक्षात ठेवा: ज्याने आपला नंबर सेव्ह केलेला नाही, त्याला मेसेज पोहोचतच नाही. माझे दोन मित्र वर्षभर ‘तू आम्हाला वगळलंस’ म्हणून रुसले होते. आणि विचारल्याशिवाय कोणालाही यादीत घालायचं नाही.

फॉरवर्डचं बटण दाबू नका, मजकूर नव्याने टाका. भारतात २०१८ पासून एका वेळी पाचच चॅटना फॉरवर्ड करता येतं, आणि फार फिरलेल्या मेसेजवर ‘अनेकदा फॉरवर्ड केलेला’ अशी खूण येते, तो तर एका वेळी एकाच चॅटमध्ये जातो. ती खूण बघितली की लोक न वाचता पुढे सरकतात. आपला मेसेज हातचा दिसला पाहिजे.

दुव्याबरोबर येणारं छोटं चित्र आणि मथळा कुठून येतो? पान बनवणाऱ्याने ओपन ग्राफच्या खुणा घातलेल्या असतात, फेसबुकने २०१० मध्ये आणलेली पद्धत. एका मेसेजात पाच दुवे असले तरी चित्र पहिल्याचंच दिसतं, त्यामुळे ज्याचं चित्र चांगलं तो दुवा वर. वेळ शनिवारी सकाळी साडेआठ. भारताची मॅच असेल तर रविवार.

चूक झाली तर पुढच्या शनिवारी पहिल्याच ओळीत दुरुस्ती, कारणं न देता. ट्रामच्या वेळी मी लिहिलं होतं: ‘गेल्या वेळचा फोटो मुंबईचा नाही, कोलकात्याचा आहे. पाटी वाचली नव्हती.’ त्या ओळीला मूळ फोटोपेक्षा जास्त उत्तरं आली.

काका आता स्वतःच माल पाठवतात. परवा ग्रंथ संजीवनीतल्या एका जुन्या नकाशाचा दुवा आला, खाली नकाशाचं साल, ‘परळ कोपऱ्यात आहे, मोठं करून बघ’, आणि शेवटी ‘पाटी तपासली आहे’.